चार मिलिसेकंद

दाभोळच्या मच्छीमार सोसायटीत, बर्फखान्याच्या वरच्या खोलीत
पाच दिवस मी एकच प्रश्न विचारत बसलो:
अमुक क्रमांकाची होडी, डिझेलचा परतावा किती राहिला.
सर्व्हर उत्तर देतो, आणि खाली बारीक अक्षरांत
स्वतःच्या कामाची पावती फाडतो:
चार मिलिसेकंद.

खिडकीवरच्या प्रमिला डोर्लेकर हसतात.
म्हणतात, तेवढ्यात मी चष्मा पुसून परत घालते.

मी मोबाईलवर घड्याळ लावलं.
त्यांनी बटण दाबलं तिथपासून
आकडा उमटला तिथपर्यंत: अकरा सेकंद.
दोघंही खरं बोलत होते.
सर्व्हर मोजतो फक्त आपले हात हलले तेवढा वेळ.
धोपाव्याच्या फेरीबोटीचा तांडेलही तेच सांगतो,
पलीकडे दहा मिनिटं.
आणि जेटीवर उन्हात उभं राहून
पलीकडची बोट सुटते का बघत काढलेला पाऊण तास?
तो त्याच्या वहीत चढत नाही.

सोमवारी फसलो. तोच प्रश्न लगेच पुन्हा विचारला,
उत्तर झटकन. म्हटलं, सुधारलं की!
जिना उतरलो तर बर्फखान्याचा गडी
मघाशी काढलेली सुरमईची पेटी दाराशीच ठेवून बसलेला,
दुसरं गिऱ्हाईक आलं तर परत आत कोण जाणार.
तेव्हापासून दर वेळी यंत्राची आठवण पुसतो,
मगच विचारतो.

वीसदा मोजलं.
अठरा आकडे एका मुठीत मावणारे,
दोन मात्र अकरा सेकंदांच्या घरात.
सरासरी काढली आणि कागद चुरगळला.
खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे,
सरासरी खोली विचारून तिथे कोणी नाव घालत नाही.

मग आतल्या पायरीपायरीवर घड्याळं बसवली,
तर सगळंच संथ झालं.
घड्याळ बघायलाही वेळ लागतो.
शिसं बांधून सोडलेली दोरी ओढीला तिरकी होते,
आणि पाणी असतं त्याहून खोल वाटतं.

हरवलेले सेकंद गुरुवारी सापडले,
वैकुंठ पालशेतकरांच्या टेबलावर.
ते एका बोटाने वसुलीचा आकडा टाकतात,
जुन्या वहीशी ताडतात, ओठ हलवत,
मग 'जतन' दाबतात.
तोवर अख्ख्या तक्त्याला आतून कडी,
आणि माझा प्रश्न दाराशी चप्पल काढून उभा.
त्यांना काय बोलणार? चाळीस वर्षांत
त्यांची एक बेरीज चुकलेली नाही.
कडी तेवढी लहान केली. एका ओळीपुरती.

शुक्रवारी वेलदूरहून जुलेखा होडेकर आल्या,
हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक.
मी जरा मिरवूनच म्हटलं,
आपा, आता बघा, पापणी लवायच्या आत.
आणि खरंच, लवायच्या आत उमटलं:
मंजुरी बाकी.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"माझा टाईम कुठून धरलास रे?
नारळी पुनवेपासून फेऱ्या मारतेय मी."

माझ्याकडे त्याचं घड्याळ नव्हतं.
पण तक्त्यात एक रकाना होता, अर्ज आल्याची तारीख,
ज्याला कोणी कधी काही विचारलं नव्हतं.
आजच्यातून तो वजा करायला सांगितला.

दोनशे बारा दिवस.
खाली बारीक अक्षरांत: तीन मिलिसेकंद.

प्रमिलाबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला.
जुलेखाआपांनी वरचाच आकडा वाचला,
बोट ठेवून, मोठ्याने,
म्हणजे वैकुंठरावांनी वहीतून मान वर काढावी इतक्या.
जेटीवर भोंगा झाला.
"हा छापून दे," त्या म्हणाल्या,
"बोट चुकली तरी चालेल."